ब्लेनिमचा वाडा आणि कॉर्नेलियाबाईंचं ऑक्सफर्ड

इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डजवळ असलेला ब्लेनिम पॅलेस हे खरं तर इनाम आहे. 13 ऑगस्ट 1704 रोजी बव्हेरियात डॅन्यूब नदीकाठी ब्लेनिम गावापाशी जॉन चर्चिल या सेनापतीने फ्रेंच आणि बव्हेरियन फौजांचा पराभव केला. राणी ॲनने खूश होऊन त्याला वुडस्टॉकची जमीन दिली आणि तिथे वाडा बांधायला पैसाही मंजूर केला. मार्लबरोचे ड्यूक म्हणवणारे त्याचे वंशज अजूनही तिथेच राहतात. इनामाचा नजराणाही चालू आहे. दर वर्षी 13 ऑगस्टच्या आत फ्रान्सच्या जुन्या राजचिन्हाचं एक निशाण विंडसरच्या किल्ल्यात पोचतं करायचं.

आमच्या विद्यापीठाने परदेशी विद्यार्थ्यांसाठी सहल काढली होती, सकाळी ब्लेनिम आणि दुपारी ऑक्सफर्ड. लेस्टरहून बस निघाली तेव्हा मला उत्सुकता ऑक्सफर्डचीच होती. वाडे काय, आपल्याकडे कमी आहेत का, असं वाटत होतं. पण फाटकातून आत शिरल्यावर तळं, त्यावरचा तो अवाढव्य पूल आणि पलीकडे पसरलेला पिवळसर दगडाचा वाडा एकदम समोर आला, आणि बसमधली सगळी बडबड थांबली. ते तळं मुळात तिथे नव्हतंच. आधी पूल बांधला, त्याच्या पोटात खोल्याही काढल्या. मग 1760च्या दशकात कॅपेबिलिटी ब्राउन या उद्यानकाराने ग्लाइम नावाची छोटी नदी अडवून तळं केलं, तेव्हा पुलाचा खालचा भाग खोल्यांसकट पाण्यात गेला.

दर्शनी ओवरीखाली उभं राहून मान पूर्ण मागे टाकली की छतावर रंगवलेले मोठाले डोळे दिसतात, काही निळे, काही तपकिरी. निळे डोळे नवव्या ड्यूकच्या दुसऱ्या पत्नीचे, ग्लॅडिसचे. 1928 मध्ये ते रंगवून घेतले. खाली माणसांची ये-जा चाललेली आणि वरून घरची मालकीण टक लावून बघते आहे! मला तो प्रकार फार आवडला.

विन्स्टन चर्चिल 30 नोव्हेंबर 1874 रोजी याच वाड्यात जन्मला. ती खोली तळमजल्यावर आहे, बाकीच्या दालनांच्या मानाने अगदी साधी. त्याच्या लहानपणच्या कापलेल्या जावळाच्या बटाही तिथे जपून ठेवल्या आहेत. लोक भक्तिभावाने फोटो काढत होते. मला मात्र तिथे 1943चा बंगालचा दुष्काळ आठवत राहिला. सुमारे 30 लाख माणसं गेली, आणि तेव्हा लंडनमधलं सरकार याचंच होतं. त्याचं युद्धातलं धैर्य मला नाकारायचं नाही, पण त्या खोलीत मला फार वेळ थांबवलं नाही.

तिथून जी गोष्ट मी मनात घेऊन निघाले ती मात्र वाड्याच्या वास्तुकाराची. जॉन व्हॅनब्रूने हा वाडा उभा केला. पहिल्या ड्यूकची, म्हणजे त्या सेनापतीची, बायको सारा खर्चावरून त्याच्याशी सतत भांडायची. शेवटी 1716 मध्ये तो काम सोडून गेला. 1725 मध्ये तो बायकोला घेऊन वाडा बघायला आला, तर साराने आधीच हुकूम देऊन ठेवला होता की याला आवारातही पाऊल टाकू द्यायचं नाही. ज्याने वाडा बांधला तोच बाहेर!

वुडस्टॉकहून ऑक्सफर्ड जेमतेम तेरा किलोमीटर. विद्यापीठाला एक मोठं प्रवेशद्वार असेल, ही माझी कल्पना लगेच मोडली. तीसहून जास्त कॉलेजं शहरभर विखुरलेली, प्रत्येकाची भिंत वेगळी, फाटक वेगळं, फाटकावर बसलेला पोर्टर वेगळा. इथे शिकवण्याच्या नोंदी 1096 पासूनच्या आहेत. बॉडलियन ग्रंथालयाच्या आवारातल्या डिव्हिनिटी स्कूलचं दगडी छत जरूर बघा. त्यात 455 कोरीव गाठी आहेत आणि प्रत्येकीवर काही ना काही चिन्ह किंवा अक्षरं. मी एकेक वाचायला लागले आणि मैत्रिणीने हाताला धरून बाहेर काढलं.

पण मी नाशिकची. मला बघायचं होतं कॉर्नेलिया सोराबजींचं ऑक्सफर्ड. 1866 मध्ये नाशिकमध्ये जन्मलेली, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेली, मुंबई विद्यापीठाची पहिली महिला पदवीधर. परीक्षेत पहिली येऊनही विलायतेची सरकारी शिष्यवृत्ती तिला नाकारली, कारण ती मुलगी. मग इंग्लंडमधल्या काही जणांनी वर्गणी गोळा केली, त्यात फ्लॉरेन्स नाइटिंगेलही होत्या. 1889 मध्ये ती तिथल्या सॉमरव्हिल कॉलेजला दाखल झाली आणि ऑक्सफर्डमध्ये कायदा शिकणारी पहिली स्त्री ठरली. ऑल सोल्स कॉलेजचं ग्रंथालय बायकांना बंद होतं, ते तिच्यासाठी उघडलं. 1892 मध्ये पुरुषांच्या बरोबरीने बसून परीक्षा देता यावी म्हणून विद्यापीठाला खास ठराव करावा लागला. ती पास झाली. पदवी मात्र हातात पडली 1922 मध्ये, कारण ऑक्सफर्डने बायकांना पदव्या द्यायला सुरुवातच केली 1920 मध्ये. तीस वर्षं! तोवर तिने हिंदुस्थानात परतून पडद्यातल्या विधवांच्या आणि अल्पवयीन वारसांच्या इस्टेटींसाठी वर्षानुवर्षं काम केलं होतं.

रॅडक्लिफ चौकात ऑल सोल्सच्या जाळीच्या दारातून मी आतली हिरवळ बघितली. आजूबाजूला सगळे रॅडक्लिफ कॅमेरा नावाच्या गोल ग्रंथालयाच्या घुमटासमोर सेल्फी काढत होते, आणि माझ्या डोक्यात विशी-पंचविशीतली, साडी नेसलेली, हातात वह्या धरलेली कॉर्नेलिया चालत होती. आपल्या शाळेत तिचा धडा का नव्हता, याचा मला खरोखर राग आला. नाशकात तिच्या नावाने एखादी अभ्यासिका तरी असायला हवी.

नाशिक-पुण्याहून इकडे शिकायला येणाऱ्या मुलींना एकच सांगते. ब्लेनिम आणि ऑक्सफर्ड एका दिवसात करू नका, ऑक्सफर्डला पूर्ण दिवस द्या. सॉमरव्हिल वुडस्टॉक रोडवरच आहे. फाटकाशी जा आणि आत बघता येईल का ते पोर्टरला सरळ विचारा. माझ्या वाट्याला जेमतेम तीन तास आले, त्यामुळे माझं ते राहिलंय. जूनमध्ये परीक्षा संपली की जाणार आहे.