शेल्टरला अनुदान मिळवताना: कागदांच्या बाजूने माझा अनुभव

आमच्या शेल्टरमध्ये जनावरं दादा बघतो आणि कागद मी बघते. दादा म्हणजे ज्याने हे काम सुरू केलं तो. वयाने माझ्या मुलाएवढा आहे, पण सगळेच त्याला दादा म्हणतात, म्हणून मीही म्हणते. मी बँकेतून निवृत्त झालेली बाई. कुत्र्या-मांजरांचा लळा आहे, पण जखमेतल्या अळ्या काढताना नुसतं बघितलं तरी मला भोवळ येते. फायली बघून येत नाही, त्यामुळे कामाची वाटणी आपोआपच झाली.

सातारा जिल्ह्यात, हायवेपासून थोडं आत, भाड्याच्या जागेवर आमचं काम चालतं. गाडीने उडवलेली कुत्री येतात, विहिरीत पडलेली येतात, खरजेने सगळे केस गेलेली येतात. अलीकडे हौस फिटली म्हणून रस्त्यावर सोडून दिलेले लॅब्राडोर आणि पर्शियन मांजरंही येऊ लागलीत. खर्च रोजचा आणि उत्पन्न कधीमधी. वाढदिवसाला कुणी पोतंभर तांदूळ देतं, आईच्या वर्षश्राद्धाला कुणी पाच हजार देतं. तेवढ्यात रोजचा भात शिजतो, बांधकाम होत नाही. म्हणून आम्ही अनुदानाच्या मागे लागलो.

‘सरकार देत असेल ना काहीतरी?’ हे प्रत्येकजण विचारतो. देतं. केंद्राचं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळ आहे. प्राण्यांवरील क्रूरता रोखणाऱ्या १९६० च्या कायद्याखाली ते १९६२ मध्ये स्थापन झालं आणि रुक्मिणीदेवी अरुंडेल त्याच्या पहिल्या अध्यक्षा होत्या. कार्यालय पूर्वी चेन्नईला होतं, आता हरियाणात बल्लभगडला आहे. निवारा, रुग्णवाहिका, नसबंदी, औषधोपचार अशा कामांसाठी मंडळाच्या योजना आहेत. पण त्यासाठी आधी संस्थेला मंडळाची मान्यता लागते, आणि मान्यता मिळाली म्हणजे पैसे मिळाले असं नाही. देशभरातल्या गोशाळाही त्याच रांगेत उभ्या असतात. तरी मान्यता घ्याच, कारण खासगी देणगीदारसुद्धा ते पत्र बघायला मागतात.

नगरपालिकेकडून मिळणारे नसबंदीचे पैसे हे अनुदान नव्हे, हेही आमच्या काही विश्वस्तांच्या गळी उतरवावं लागलं. १० मार्च २०२३ ला श्वान प्रजनन नियंत्रणाचे नवे नियम आले. भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही त्यांनुसार स्थानिक स्वराज्य संस्थेची जबाबदारी आहे. संस्थेला त्या कामाचे प्रति कुत्रा दराने पैसे मिळतात. म्हणजे तो सरळ कामाचा ठेका झाला. कुत्रं पकडायचं, शस्त्रक्रिया करायची, कानाला खूण करायची आणि जिथून उचललं तिथेच सोडायचं. त्यातून शेल्टरमधल्या लंगड्या कुत्र्याचा खर्च निघेल या आशेवर राहू नये.

मग मी कागदांना लागले. आमची धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी होती, पॅन होतं, तीन वर्षांची ऑडिटं होती. आयकराची १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) ही दोन्ही प्रमाणपत्रं मात्र घ्यायची राहिली होती. नव्या संस्थेला ती आधी तीन वर्षांसाठी तात्पुरती मिळतात. पुढे स्वयंसेवी संस्थांची नोंद ठेवणाऱ्या नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलचा क्रमांक, आणि मग कंपन्यांच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या, निधीसाठी सीएसआर-१ ची नोंदणी. ती १ एप्रिल २०२१ पासून सक्तीची आहे आणि १२ए, ८०जी हातात असल्याशिवाय होत नाही. म्हणून सुरुवात आयकरापासून करायची. आमचे एक ज्येष्ठ विश्वस्त वारले होते. त्यांच्या जागी नवीन नाव लागण्याचा बदल अर्ज अजून मंजूर व्हायचा होता, म्हणून तो दाखल केल्याची पोच प्रत्येक अर्जाला जोडली. आमची फाइल कुठेही अडली नाही. नाव न बदलता विश्वस्तांचा जुनाच तक्ता पाठवला असता तर नक्की अडली असती.

परदेशातून पैसे आणायचा विचार आम्ही सोडून दिला. परदेशातल्या प्राणिसंस्था अनुदान देतात, पण ते घ्यायला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते. तिच्यासाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी आणि मागच्या तीन वर्षांत मूळ कामावर पंधरा लाख खर्च झालेला हवा. शिवाय दिल्लीत स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत वेगळं खातं उघडावं लागतं. आमचा आवाका तेवढा नव्हता. तरी यात एक बारकावा आहे, तो बऱ्याच जणांना माहीत नसतो. माझा भाचा अमेरिकेत असतो. त्याचा पासपोर्ट भारतीय आहे, म्हणून त्याने बँकेतून पाठवलेले पैसे परदेशी देणगी ठरत नाहीत. त्याच्या शेजारी राहणाऱ्या मित्राने तिथलं नागरिकत्व घेतलंय, त्याचे ठरतात, मग तो मूळचा कितीही कोल्हापूरचा असो. त्या मित्राला नाही म्हणताना मला वाईट वाटलं, पण नाही म्हटलं.

राहिला सीएसआर. कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ज्यांची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक जरी असेल, त्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकामावर खर्च करावी लागते. कुठल्या कामावर, ते अनुसूची सातमध्ये आहे. तिच्या चौथ्या कलमात पर्यावरण, वनस्पती-प्राण्यांचं रक्षण यांच्याबरोबर ‘प्राणी कल्याण’ असे स्पष्ट शब्द आहेत. म्हणजे कायद्याची काही आडकाठी नाही. अडचण अशी, की त्याच ओळीत झाडंही बसतात. झाडं चावत नाहीत, भुंकत नाहीत आणि साहेबांच्या हस्ते लावताना फोटोही छान येतो. त्यामुळे बहुतेक कंपन्यांचं उत्तर एकच असायचं: यंदाचा निधी वृक्षारोपणाला दिलाय.

आधी मी मोठ्या, नावाजलेल्या कंपन्यांना लिहीत होते. मग आमचे सीए म्हणाले, ‘ताई, एमआयडीसीत बघा. पाच कोटींच्या वर नफा असलेला कारखाना नावाने मोठा असतोच असं नाही.’ त्यांचं खरं होतं. अशा कारखान्यांचं दोन टक्क्यांचं गणित लहान असतं आणि सीएसआरला वेगळा विभागही नसतो. एचआरच्या कुणाकडे तरी ते जादा काम असतं. जानेवारी-फेब्रुवारीत त्या माणसाला ३१ मार्च दिसायला लागतो. तेव्हा आपली फाइल पूर्ण असेल तर आपला फोन उचलला जातो. आमचा असाच उचलला गेला.

त्याआधी जागेचा प्रश्न होता. सातबारा एका विश्वस्ताच्या काकांच्या नावावर आहे. दुसऱ्याच्या शेतात पक्कं बांधकाम करायला कुणी पैसे देत नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. आम्ही दुय्यम निबंधकांकडे भाडेपट्टा रीतसर नोंदवून घेतला आणि मागणीही बदलली: केनेल, म्हणजे कुत्री ठेवायच्या खोल्या, पण नटबोल्टचे लोखंडी सांगाडे, जाळीचे पॅनेल, वर पत्रा. उद्या जागा सोडावी लागली तर उचलून नेता येईल असं.

ग्रामपंचायतीच्या ना-हरकत दाखल्यासाठी ग्रामसभेत जावं लागलं. रात्री भुंकतात, कुणाला चावलं तर जबाबदार कोण, शहराची घाण आमच्या गावात कशाला, असं लोक बोलले. बोलणं रास्तच होतं. दादाने वाद घातला नाही. तो एवढंच म्हणाला, ‘गावातल्या प्रत्येक कुत्र्याला रेबीजची लस आम्ही फुकट टोचू, पाळलेल्याला आणि मोकळ्यालाही.’ सरपंचबाईंनी तिथेच तारीख मागितली. २८ सप्टेंबरला, जागतिक रेबीज दिनाला, शाळेच्या पटांगणात शिबिर झालं. पोरं सुतळीला बांधून कुत्री घेऊन आली. एक आजी मांडीवर मांजर घेऊन ओळीत बसल्या होत्या. दाखला मिळाला, आणि अर्जातल्या ‘समाजाला लाभ’ या रकान्यात लिहायला खरीखुरी गोष्टही मिळाली. तोवर तिथे मी ‘भूतदया’ वगैरे लिहीत होते. ते कुणी वाचत असेल असं मला वाटत नाही.

बिलांचं त्रांगडं वेगळंच. आमचा निम्मा खर्च खाण्यावर जातो आणि खाणं म्हणजे भात आणि कोंबडीचे पाय, मुंड्या, गळे. ते देणाऱ्या चिकनवाल्या भाऊंकडे बिलबुक नाही. ते वहीच्या कागदावर आकडा लिहून देतात. अनुदान देणाऱ्यांना तीन कोटेशनं लागतात. कोंबडीच्या मुंड्यांची तीन कोटेशनं कुठून आणायची? मार्ग असा काढला, की पैसे रोख न देता यूपीआयने द्यायचे, आमचंच छापील व्हाउचर करून त्यावर भाऊंची सही घ्यायची, पाच हजारांच्या वर असेल तर रेव्हेन्यू स्टँप लावायचा आणि वजन रोज वहीत टिपायचं. ऑडिटरने ते मान्य केलं. तरी सांगते, खाण्याचा आणि पगाराचा खर्च अनुदानात बसवायला फार जड जातो. देणाऱ्याला दिसणारी वस्तू हवी असते, जिच्यावर पाटी लावता येईल अशी.

मग भेटीचा दिवस आला. कंपनीकडून एक मॅडम आल्या. आमच्या एका विश्वस्तांनी हार आणले होते, ते टेबलावरच राहिले. मॅडमनी चहाही घेतला नाही. ‘आवक-नोंदवही दाखवा,’ म्हणाल्या. ती दादाची वही. तारीख, कुठून आणलं, कुणी कळवलं, खूण, वजन, आजार, लस, नसबंदी, आणि शेवटचा रकाना निकाल: सोडलं, दत्तक, आहे किंवा मेलं. ‘तांबडी मादी, उजवा कान फाटका, एसटी स्टँडमागे, रसवंतीवाल्याचा फोन’ अशा नोंदी. पान उलटता उलटता त्या थांबल्या. पावसाळ्यातलं पान होतं. पार्व्हो, म्हणजे पिल्लांचा जीवघेणा साथीचा आजार, आला होता, आणि निकालाच्या रकान्यात एकाखाली एक सात पिल्लांपुढे ‘मेलं’ लिहिलेलं होतं.

हार आणणाऱ्या विश्वस्तांनी माझ्याकडे असं बघितलं, की वही आधी मी का लपवली नाही! मॅडमनी दादाला विचारलं, ‘नंतर काय केलंत?’ त्याने त्यांना मागच्या कोपऱ्यात नेलं. ताडपत्री बांधून केलेली वेगळी जागा, दाराशी ब्लीचच्या पाण्याने भिजवलेलं गोणपाट, तिथल्यापुरत्या वेगळ्या चपला. तो म्हणाला, ‘हा विषाणू साध्या फिनाइलने मरत नाही, मातीत महिनोन्‌महिने राहतो. ब्लीच लागतं, पण मातीच्या जमिनीवर ब्लीचही चालत नाही.’ मॅडम म्हणाल्या, ‘मग अर्जात केनेल कशाला मागताय? हे मागा.’

आमची मागणी त्या संध्याकाळी बदलली. केनेल निम्मे केले आणि विलगीकरणासाठी खोली घातली. खोलीही पॅनेलचीच, फक्त खाली सिमेंटचा कोबा, उताराला गटार आणि तिथला वेगळा नळ. कोब्याला काकांची लेखी संमती घेतली. रक्कम जवळपास तेवढीच राहिली. मंजूर झालं.

मी बऱ्याच संस्थांची पत्रकं बघितली आहेत. ‘आमच्याकडे एकही जनावर दगावत नाही’ असं जिथे लिहिलेलं असतं तिथे एक तर आजारी जनावर घेत नाहीत, नाहीतर लिहीत नाहीत. माझं हे मत दादालाही थोडं कडक वाटतं.

पैसे हप्त्याने आले. पहिला हप्ता खर्च करायचा, पैसे ठरल्या कामावरच खर्चले असं सीएच्या सहीचं विनियोग प्रमाणपत्र द्यायचं, फोटो द्यायचे, मग दुसरा. मधल्या काळात लोखंडवाला थांबत नाही. तेव्हा एका विश्वस्तांनी संस्थेला बिनव्याजी उसने दिले. त्याचाही ठराव करून घेतला, नाहीतर ऑडिटला ती देणगी आहे की कर्ज हा घोळ झाला असता. अनुदानाचं खातं वहीत वेगळं ठेवलं आणि एका शीर्षाखालचा पैसा दुसरीकडे वळवला नाही. मोह झाला होता. अपघातातल्या कुत्र्याच्या पायात प्लेट घालायची होती आणि कोब्याचे पैसे खात्यात पडून होते. त्यासाठी गावात वर्गणी काढली. देणगीदारांना ८०जीची पावती मिळते, पण दोन हजारांच्या वरची रोख रक्कम त्यात चालत नाही, म्हणून मी सगळ्यांना क्यूआर कोडच दाखवत होते. पानटपरीवाल्याने मात्र शंभराच्या दोन नोटा हातात कोंबल्या आणि पावती नको म्हणाला. पावती फाडलीच.

दुसरा हप्ता मार्चअखेर आला. कोबा झाला, गटार झालं. पाटीही लागली, कंपनीचं नाव मोठं आणि आमचं लहान.

यंदा त्याच कंपनीला पुन्हा विचारलं तर उत्तर आलं, या वर्षी झाडं. आता रुग्णवाहिकेचा अर्ज भरतेय, दुसरीकडे. गाडीला पैसे देणारे मिळतात. डिझेल आणि चालकाच्या पगाराचं शीर्ष त्यांच्या तक्त्यात नाही, म्हणून आधी गावातल्या पंचवीस-तीस जणांकडून महिन्याला ठरलेली रक्कम देण्याची लेखी संमती घेत फिरतेय. ती यादी अर्जाला जोडणार आहे. चिकनवाल्या भाऊंचं नाव तिच्यात पहिलं आहे.