मंगेश नावातला तो 'यू'

आज एकाच फाइलीत एकाच माणसाचं नाव तीन तऱ्हांनी. जन्मदाखल्यावर 'जी'नंतर 'यू', आधारवर 'यू' गायब, पासबुकात शेवटचा 'एच'ही नाही. गोव्यातल्या मंगेशांचं हे दुखणं जुनंच.

बिचाऱ्या कारकुनाचा दोष नाही. पोर्तुगीजमध्ये 'ई' किंवा 'आय'च्या आधी आलेला 'जी' झसारखा वाचला जातो. उच्चार 'गे' राहावा म्हणून मधे मुका 'यू' घालायचा. नागेशचंही तेच. जुन्या कागदांत तर 'श'साठी 'एक्स' सापडतो, त्यामुळे दाखला शोधताना एकच स्पेलिंग धरून बसलात तर हात हलवत परत याल.

नाव मात्र गोड. वाघ पाहून घाबरलेली पार्वती 'त्राहि मां गिरीश' म्हणाली, त्यातल्या 'मां गिरीश'चं मांगिरीश आणि पुढे मंगेश झालं, अशी कथा. मंगेश म्हणजे शंकर; हा देव मूळ कुठ्ठाळीचा, १५६० मध्ये प्रियोळला, आजच्या मंगेशीत आला. मास्टर दीनानाथांनी मंगेशकर आडनाव घेतलं ते याच मंगेशीवरून. हाक मारायलाही सोपं: घरात मंगू, बाहेर मंगेशबाब.

बाळाचं हे नाव ठेवणार असाल तर जन्मनोंदणीलाच स्पेलिंग पक्कं करा. शाळा, आधार, पॅन, पासपोर्ट सगळीकडे दाखल्यावरचं अक्षर न् अक्षर उतरवा. बापाचं नाव मंगेश असेल तर त्याचाही दाखला समोर ठेवा, आठवणीतून लिहू नका. घोळ बहुतेक तिथेच होतो, आणि मग प्रतिज्ञापत्रासाठी नोटरीकडे खेपा.