पिट्सबर्गची ओक पट्टी आणि साताऱ्याची माडी

साताऱ्याला सुट्टीवर आले की ओळखीची माणसे एक प्रश्न हमखास विचारतात : तिकडे अमेरिकेत म्हणे घरे लाकडाची असतात, मग ती कुजत नाहीत का? या वेळी पिट्सबर्गहून निघताना मी सामानात वीतभर लांबीचा एक ओकचा तुकडा मुद्दाम टाकून आणला. शनिवार पेठेतल्या आमच्या जुन्या घराच्या माडीवर बसून मी हे लिहीत आहे आणि तो तुकडा बाबांच्या हातात आहे. गेले दोन दिवस ते त्याच्या कडेवरून अंगठा फिरवत आहेत. उत्तर थोडक्यात द्यायचे तर हो, कुजतात. मात्र कुजण्याचे कारण बहुतेक वेळा लाकडात नसते, हे मला आमच्या जेवणघराची जमीन उपसून काढल्यानंतर कळले.

चार वर्षांपूर्वी आम्ही पिट्सबर्गमध्ये १९२६ साली बांधलेले एक दुमजली घर घेतले. तीन नद्या आणि चहूकडे टेकड्या असलेले हे गाव संगम माहुली पाहिलेल्या माणसाला फारसे परके वाटत नाही. घर घेतले तेव्हा सगळ्या खोल्यांत भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा ठोकलेला होता. जेवणघराच्या खिडकीखाली गरम पाण्याचा लोखंडी रेडिएटर होता आणि त्याच्याजवळ पाऊल टाकले की गालिच्याखालची जमीन किंचित दबत असे. पहिल्याच आठवड्यात गालिचा उचलला. समोरच्या खोलीत मधाच्या रंगाची, थोडीफार ओरखडलेली, पण खणखणीत ओकची जमीन निघाली. जेवणघरात मात्र रेडिएटरच्या भोवती काळे वर्तुळ पडले होते, पट्ट्यांच्या कडा वर उचलल्या गेल्या होत्या आणि प्रत्येक पट्टीला उथळ पन्हळीचा आकार आला होता.

ही जमीन कशी असते, ते आधी सांगते. सव्वादोन इंच रुंद आणि पाऊण इंच जाड, म्हणजे आपल्या सुतारांच्या भाषेत सहा सूत जाड, अशा पट्ट्या एकमेकींत अडकवून बसवलेल्या असतात. प्रत्येक पट्टीच्या एका कडेला जीभ असते आणि दुसऱ्या कडेला खाच. खिळा जिभेच्या वरच्या कोपऱ्यातून तिरका ठोकतात आणि पुढच्या पट्टीची खाच त्याच्यावर येऊन बसते, त्यामुळे वरून एकही खिळा दिसत नाही. जिभेच्या वर साधारण दोन सूत लाकूड असते आणि जमीन एकदा पूर्ण तासून घेतली की त्यातले सुमारे पाव सूत जाते. म्हणूनच अशी जमीन पुन्हा पुन्हा तासून नवी करता येते आणि शंभर वर्षे टिकते. पट्ट्यांच्या फटींतून खिळ्यांची डोकी दिसू लागली, की मात्र आता तासण्याजोगे लाकूड उरले नाही असे समजावे. आमच्या जेवणघरात ती डोकी दिसत होती.

काम पाहायला आलेल्या पहिल्या कंत्राटदाराने पाच मिनिटांत निकाल दिला : दोन्ही खोल्यांवर प्लॅस्टिकची लाकूडछाप फळी टाकून द्या, खाली काय आहे ते कोणाला दिसणार नाही. माझ्या नवऱ्याला हे पटणे शक्यच नव्हते. तो सांगलीचा. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात त्यांच्या घरात छातीइतके पाणी होते. ते ओसरल्यावर प्लायवूडची कपाटे शिळ्या पोळीसारखी पापुद्रे सोडत होती, तर आजोबांचा सागवानी पलंग सावलीत महिनाभर वाळवून आजही वापरात आहे. वरवर झाकलेल्या गोष्टींवर त्याचा तेव्हापासून विश्वास नाही. समोरची खोली तासायची, जेवणघराची जमीन काढून नवी बसवायची आणि हे शक्य तितके स्वतः करायचे, असे आम्ही ठरवले.

त्याआधी दोन तपासण्या करून घेतल्या, आणि १९७८ पूर्वीच्या घरात राहणाऱ्या कोणीही त्या टाळू नयेत. घरांसाठीच्या शिसेयुक्त रंगांवर अमेरिकेत त्या वर्षी बंदी आली, त्यामुळे त्याआधीच्या घराच्या चौकटी किंवा कडेच्या पट्ट्या तासल्या तर शिशाची धूळ उडू शकते. दुसरी भीती ॲस्बेस्टॉसची. स्वयंपाकघरात नऊ इंची चौकोनी जुन्या टाइल्स आणि त्यांच्याखाली काळा डिंक होता. त्यात ॲस्बेस्टॉस निघाला, म्हणून त्या न खरवडता तशाच झाकल्या आणि त्या खोलीचा विषय तिथेच संपला.

उपसण्याच्या कामात निम्मे कष्ट पहारीचे आणि निम्मे डोक्याचे असतात. सडका भाग काढायला गोल पात्याची करवत पाऊण इंचापेक्षा जराशी कमी खोल लावून पट्ट्यांवर आडवे छेद घेतले, म्हणजे खालच्या फळ्या कापल्या जात नाहीत आणि तुकडे सहज उचलले जातात. परंतु खोलीच्या लांबच्या टोकाला काही पट्ट्या निरोगी होत्या आणि त्या आम्हाला अखंड हव्या होत्या, कारण समोरच्या खोलीत दाराजवळ एक डाग लाकडात खोलवर उतरला होता. तिथे नवी पट्टी घातली असती तर ती रंगाने आणि जाडीने कायम परकी दिसली असती. शंभर वर्षांच्या लाकडाला ठिगळ त्याच वयाच्या लाकडाचेच लागते. अशी पट्टी काढायची तर सुरुवात जिभेच्या बाजूने करावी लागते आणि खिळा ज्या वाटेने आत गेला त्याच तिरकस दिशेने हळूहळू उचकटावा लागतो. पट्टीत अडकून राहिलेला खिळा मागच्या बाजूने पकडीने ओढून काढतात, नाहीतर जीभ फुटते. मी पहिल्या सहा पट्ट्या फोडल्या, मग हात बसला.

खिळे चपटे, पोलादी, कापून केलेले होते. त्यांच्याभोवती ओक काळा पडला होता आणि तो रंग पाहून मला आजीच्या हिरड्याची आठवण झाली. हिरड्याच्या काढ्यात हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, टाकला की काळी शाई होते. ओकमध्येही हिरड्यासारखेच टॅनिन असते, त्यामुळे ओलसर लाकडात लोखंडी खिळा राहिला की खिळ्यापाशी तीच शाई तयार होते. म्हणजे ते काळे डाग ही पाणी कुठवर पोचले होते याची लेखी नोंदच होती. डागांचा माग काढत गेलो तो रेडिएटरच्या झडपेपाशी येऊन थांबला. ती थेंब थेंब गळत होती. तिचे वायसर बदलण्याआधी नवी जमीन बसवली असती, तर दहा वर्षांनी तीच गोष्ट पुन्हा झाली असती.

पट्ट्यांखाली लालसर कागद होता आणि त्याखाली पाइनच्या रुंद फळ्या, कड्यांना, म्हणजे जमीन पेलणाऱ्या आडव्या लाकडांना, पंचेचाळीस अंशांत तिरप्या ठोकलेल्या. प्लायवूड सर्रास येण्याआधी तिकडे हीच रीत होती. तिरप्या फळ्यांमुळे सांगाडा ताठ राहतो आणि वरची जमीन कोणत्याही दिशेने बसवता येते. फळ्यांच्या फटींतून तळघरातला दिवा दिसत होता. त्यांच्याखाली सोळा सोळा इंचांवर कड्या. गोष्टीत सापडतात तशी नाण्यांची पुरचुंडी काही सापडली नाही. केसांचे तीन आकडे, एक गोटी आणि ओंजळभर भुसा एवढीच कमाई झाली. रेडिएटरखालच्या दोन फळ्या पटाशीच्या टोकाने केकसारख्या उचकटल्या, त्या बदलल्या. कड्या शाबूत होत्या. करकरणाऱ्या फळ्यांत कड्यांपर्यंत पोचतील असे स्क्रू मारले, तेव्हा जमिनीचे ते रात्रीचे कण्हणे थांबले.

आता माझी चूक. नवी पट्टी लाल ओकची मागवली. खोली बारा फूट बाय चौदा, म्हणजे १६८ चौरस फूट, आणि कापण्यात वाया जाणारे दहा टक्के धरून १८५. गठ्ठे आले तो ऑगस्ट होता आणि जेवणघरात पसारा होता, म्हणून मी ते सरळ तळघरात रचून ठेवले. साताऱ्यात वाढलेल्या मुलीला हे खरे तर सुचायलाच नको होते. श्रावणात फुगून बसलेले दार आणि चैत्रात त्याच दाराला पडलेली फट मी लहानपणापासून पाहिली आहे. लाकूड आडव्या अंगाने फुगते आणि आक्रसते, हे आपल्याकडे कोणाला शिकवावे लागत नाही. तरीही एका शनिवारी उत्साहाच्या भरात आम्ही त्या दमट तळघरातल्या पट्ट्यांच्या पाच ओळी ठोकून मोकळे झालो. रविवारी शेजारचे एक निवृत्त गृहस्थ ओलावा मोजायचे यंत्र घेऊन आले. खालच्या फळ्यांत आठ टक्के ओलावा होता आणि आमच्या नव्या ओकमध्ये तेरा. या रुंदीच्या पट्टीसाठी दोन्हींतला फरक चार टक्क्यांपेक्षा जास्त नसावा असा तिकडचा दंडक आहे. ते काहीच बोलले नाहीत, फक्त यंत्र माझ्या हातात दिले.

उरलेल्या पट्ट्या खोलीतच, मध्ये चिपा घालून, तीन आठवडे पसरून ठेवल्या. ठोकलेल्या पाच ओळी उपसायचा धीर झाला नाही, त्या तशाच राहिल्या. दर जानेवारीत घर तापवायला लागले आणि हवा कोरडी झाली, की त्या पाच ओळींत जुने आठ आण्याचे नाणे उभे राहील एवढ्या फटी पडतात आणि जुलैत पुन्हा मिटतात. बाबांनी फोनवर विचारले होते, "अगं, मग लांबी भरून टाक की." भरता येत नाही. हिवाळ्यात भरलेली लांबी उन्हाळ्यात फुगणाऱ्या लाकडाला जागाच देत नाही, ती चुरून बाहेर येते. याच कारणाने भिंतीच्या कडेनेही चहूबाजूंनी पाऊण इंच जागा मोकळी सोडावी लागते आणि ती भिंतीच्या पायाशी मारलेल्या पट्टीखाली झाकली जाते. हे सगळे ऐकल्यावर बाबा म्हणाले, "म्हणजे सोयरिकीसारखं. थोडी मोकळीक ठेवलेली बरी."

प्रत्यक्ष ठोकण्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही. कड्यांना आडव्या दिशेने ओळी लावायच्या, शेजारच्या दोन ओळींचे सांधे किमान सहा इंच मागेपुढे ठेवायचे, दर आठ ते दहा इंचांना खिळा. १६८ चौरस फुटांना सव्वादोन इंची पट्टी नऊशे फुटांच्या आसपास लागते, म्हणजे बाराशे खिळे झाले. हवेच्या दाबावर चालणारे भाड्याचे यंत्र असल्यामुळे ते दोन दिवसांत आटोपले. पहिली ओळ मात्र जपून लावावी. खोली गुण्यात नव्हती, म्हणजे कोपरे काटकोनात नव्हते, एका टोकाला पाऊण इंचाचा फरक होता; भिंतीला धरून गेलो असतो तर पुढची प्रत्येक ओळ वाकडी गेली असती, म्हणून दोरी ताणली आणि दोरीलाच भिंत मानले.

तासायचे यंत्र सुरू असताना एका जागी क्षणभर जरी थांबले तरी तिथे खळगा पडतो. आमच्याकडे असा एक खळगा आहे आणि त्याच्यावर आता देव्हाऱ्याचा चौरंग आहे. आधी ३६ नंबरचा काचकागद, मग ६०, मग १००. यंत्राच्या पिशवीतला भुसा रात्री घरात ठेवू नये, जुन्या पॉलिशचा तो भुसा आपोआप तापून पेट घेऊ शकतो. तेलाच्या पॉलिशचे बोळेही चुरगाळून न टाकता उलगडून वाळवावेत. पॉलिशचे तीन हात दिले. खरी परीक्षा पुढच्या उन्हाळ्यात आई आली तेव्हा झाली. पहाटे पाचला उठून तिने बादलीभर पाण्यात फिनाईल घालून जेवणघराची "फरशी" पुसून काढली होती आणि ओल्या पावलांचे ठसे मागे ठेवत ती स्वयंपाकघरात चहा टाकत होती. लाकडावर पाणी ओतायचे नाही, हे तिला पटायला आठ दिवस लागले. कोरड्या फडक्याने पुसलेले घर तिला अजूनही पारोसेच वाटते. चपला दाराबाहेर काढायच्या आपल्या सवयीने मात्र ते पॉलिश अजून नव्यासारखे आहे.

तर काल हा तुकडा घेऊन आम्ही आमच्या सुतारमामांना माडीवर बोलावले. त्यांनी तो कानाजवळ नेऊन नखाने वाजवला. "नर-मादी आहे. सागवानापेक्षा जड लागतंय," ते म्हणाले. नर-मादी म्हणजे तीच जीभ आणि खाच. त्यांचे बरोबर होते. पोलादी गोळी लाकडात निम्मी रुतवायला किती दाब लागतो यावरून लाकडाचे काठिण्य मोजतात. त्या मापावर लाल ओक १२९० पौंड भरतो आणि सागवान हजार-अकराशेच्या आसपास. पण पाणी आणि वाळवी यांपुढे लाल ओकचे काही चालत नाही, तिथे सागवानातले तेल कामाला येते.

मामांना बोलावण्याचे निमित्त वेगळे होते. माडीच्या मागच्या कोपऱ्यात जमीन दबते. आमची माडी कडीपाटाची. तुळईवर कड्या, कड्यांवर सागवानी फळ्या, वर मातीचा थर आणि पूर्वी सारवण, आता कोबा. बाबांच्या मनात सगळे उतरवून स्लॅब टाकायचा होता. मामांनी कोपऱ्यातला कोबा आणि माती हातभर काढली आणि पटाशीच्या मुठीने एकेक फळी वाजवत गेले. टण, टण, टण, मग एकदम बद्द. दोन फळ्या आणि एका कडीचे भिंतीत गेलेले टोक, एवढेच गेले होते. त्यांनी वर पाहिले. कौलांमधली पन्हळ सरकली होती आणि पाणी भिंतीतून उतरत होते.

"आधी ते," मामा म्हणाले. बाबांनी माझ्याकडे पाहिले, मी काहीच बोलले नाही.

आज सकाळपासून उघडीप आहे, त्यामुळे पन्हळ बसवून झाली आणि सहा कौले बदलली. वखारीतून जुन्या सागवानाच्या दोन फळ्या आणल्या आहेत. त्या दिवाळीच्या सुमारास, हवा कोरडी झाल्यावर बसवायच्या आहेत. तोवर त्या माडीवरच, मध्ये चिपा घालून, आडव्या ठेवल्या आहेत. तळघरात ठेवायच्या का, असे बाबांनी मघाशी मला विचारले, आणि आमच्या घराला तळघर नाही.