नाते : मित्र

सोमवार, रात्र. सकाळी बोरी नदीच्या पाण्यात कानबाई, आमची खान्देशातली श्रावणातली देवी, बोळवून आलो, नाचून नाचून पाय तुटलेत, तरी झोप नाही. डोक्यात बँकेचा तो फॉर्म.

झालं एवढंच, गुरुवारी नॉमिनीचा फॉर्म भरला. त्याचं नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली, पत्ता तर माझाच. मग 'नाते' असा रकाना आला आणि मी लिहिलं, मित्र. काउंटरवरच्या मॅडमनी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही, मागे रांग नव्हती, कुणी विचारलं नव्हतं. माझाच पेन, माझाच हात, वर अक्षर पण चांगलं आलं. नऊ वर्षं आम्ही जोडपं म्हणून सोबत. आणि सोसायटीत ज्याच्याकडून ड्रिल मशीन मागून आणतो तोही मित्रच.

बरं दुसरं लिहिणार काय होतो? १७ ऑक्टोबर २०२३ ला ऑफिसात एका कानात इयरफोन घालून समलिंगी लग्नाबद्दलचा सुप्रीम कोर्टाचा निकाल ऐकत होतो. तेव्हाचे सरन्यायाधीश चंद्रचूड साहेब आधी वाचत होते तेव्हा वाटलं मिळतंय, काहीतरी मिळतंय, आणि मग बाकीचे वाचायला लागले. लग्नाचा मूलभूत हक्क नाही यावर पाचही जणांचं एकमत, आणि निदान जोडपं म्हणून काही मान्यता, तर तीही तीन विरुद्ध दोननी गेली. कायदा करायचा तर संसदेनं करावा म्हणे. त्या दिवशी त्यानं घरी येऊन खिचडी टाकली आणि आम्ही क्रिकेटवर बोललो. पुढे जानेवारी २०२५ मध्ये पुनर्विचार याचिका पण फेटाळल्या, त्या दिवशी काय केलं आठवत नाही.

तसं ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थ मंत्रालयानं सांगितलंय की आमच्यासारख्यांना जॉइंट अकाउंट काढायला, एकमेकांना नॉमिनी लावायला बंदी नाही. बंदी नाही! पण नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, तो फक्त पैसे हातात घेणार, हक्क कायद्यानं ज्यांचा त्यांचाच. म्हणजे उद्या माझं काही झालं तर आमच्या काकांचं काय चालेल ते मला माहितीये, त्याचं काय चालेल ते नाही माहीत. मला मांडव नकोय, घोडी नकोय, स्पेशल मॅरेजची ती तीस दिवस भिंतीवर लागणारी नोटीस तर नकोच नको. मला त्या रकान्यात लिहायला एक शब्द पाहिजे, जो वाचून कुणाला काही वाटणार नाही.

पण मग मित्र का लिहिलं? रकाना कोरा सोडता आला असता. 'जोडीदार' लिहिता आलं असतं, फार तर मॅडमनी परत दिला असता. परत द्यायची संधीच दिली नाही मी.

शनिवारी आई रोटाचे, म्हणजे कानबाईच्या नैवेद्याच्या पोळ्यांचे, गहू मोजत होती, आमच्याकडे घरातल्या एकेका नावानं सव्वा मूठ. ताईचं नाव नाही, तिची मूठ आता सासरी, यावरून ती दरवर्षी चिडते आणि दरवर्षी येते. माझी मूठ मात्र इथंच. लग्नाचा कायदा झाला तर माझे गहू कुठे मोजणार, त्याच्या अमरावतीला कानबाईच नसते, हा विचार येऊन मी एकटाच हसलो, आई म्हणे काय झालं रे.

मग तिनंच विचारलं, "तुन्हा दोस्त कसा शे?"

म्हटलं बरा आहे.

"तेले बिबडे ली जाय. रोट नको देजो, रोट भाऊबंदमाच खातस."

दोस्त. म्हणजे आईनं पण रकाना भरूनच ठेवलाय, आणि माझ्यासारखाच. की तिला... जाऊ दे, ते आज नको.

रोट मात्र मागच्या वर्षीच खाऊ घातलाय त्याला, गुळासोबत. त्याला कोरडा लागला. कानबाई अजून तरी काही बोललेली नाही.

मघाशी त्याचा मेसेज आला, पासबुकवर नुसतं 'नॉमिनेशन रजिस्टर्ड' असं छापून आलंय, नाव नाही, नातं तर नाहीच. एवढा चार दिवस जीव जाळला मी. फॉर्म परत भरता येतो म्हणे, पण नव्या फॉर्मवर पण तोच रकाना असणार. बघू. सकाळी सातची गाडी आहे, बिबडे, ज्वारीचे पापडच ते, सगळ्यात वर ठेवायला हवेत, मागच्या वेळी नुसता चुरा पोचला होता.