स्कूल म्हणजे सवड

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असायचं, आणि स्कूल म्हणजे शाळा एवढं पाठ केलं की झालं. आठवीत एका उताऱ्यात 'अ स्कूल ऑफ फिश' आलं आणि माझ्यासकट निम्म्या वर्गाने बिनधास्त 'माशांची शाळा' लिहिलं. बाई रागावल्या नाहीत, खडू घेतला आणि पुढचा अख्खा तास त्या एका शब्दावर घालवला, सिलॅबस मागे पडत होता तरी.

माशांचं स्कूल हा शब्दच वेगळा, तो डच भाषेतून आला, अर्थ झुंड, आणि शोल हा त्याचा भाऊबंद. आपलं स्कूल मात्र लॅटिनमधल्या स्कोलावरून मागे मागे जात ग्रीक स्खोलेपाशी पोचतं आणि स्खोले म्हणजे चक्क फुरसत, सवड! सवड असलेली माणसं बसून चर्चा करायची, मग त्या चर्चेलाच तो शब्द लागला, मग जिथे ती चालायची त्या जागेला. स्कॉलर, स्कॉलरशिप सगळे त्याच घरातले. मी चौथी-सातवी दोन्ही स्कॉलरशिपला बसलेला, जादा तास, अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या व्यवसायमालांचा ढीग, त्यामुळे स्कॉलरशिपच्या मुळाशी फुरसत आहे हे मला पटेचना, तसं मी बाईंना म्हटलंही. त्या म्हणाल्या, "मग आपला शाळा शब्द कुठला ते शोधून आण."

शोधलं. संस्कृत शाला, म्हणजे घर, दालन. गोशाळा, धर्मशाळा, पाकशाळा, यात शिकण्याचा काही संबंध नाही, तो हवा तर पाठशाळा म्हणावं लागतं. एखाद्याची 'शाळा करणे' पण वहीत लिहिलं होतं, बाईंनी त्यावरही बरोबरची खूण केली.

खूप वर्षांनी सवाई गंधर्वला शेजारचे एक पाहुणे इंग्रजीत 'किराणा स्कूल' म्हणाले आणि मला एकदम लख्ख दिसलं की घराण्याला इंग्रजीत स्कूल म्हणतात, आणि घराण्यात घर आहे तसं शाळेतही घरच आहे! पुढचा राग अर्धा माझ्या कानावरून गेला, डोळ्यापुढे बाईंचा तो फळा होता.

आता माझ्या मुलीचं वेळापत्रक बघतो तर एक ऑफ तास नाही. आपल्या शाळेने या सुवर्णमहोत्सवी वर्षापासून आठवड्यातून एक तास मोकळा ठेवावा अशी मनापासून विनंती आहे, शिक्षक नसले तरी चालेल, फक्त ग्रंथालयातलं डिक्शनऱ्यांचं कपाट उघडं असू दे.