नवऱ्याच्या अंगावर फेकलेले बूट

मॅरेथॉन संपवून धापा टाकणारा माणूस ‘पुन्हा या वाटेला जाणार नाही’ म्हणाला, की मी ते फारसं मनावर घेत नाही. याला कारण ग्रेटे वाइट्स.

नॉर्वेची ही धावपटू ऑस्लोच्या शाळेत शिकवायची. ३००० मीटरचा विश्वविक्रम तिनं केलेला, पण ऑलिंपिकमध्ये तेव्हा बायकांची सर्वांत लांब शर्यत १५०० मीटरची. त्यापुढचं त्यांना झेपायचं नाही, अशी कारभाऱ्यांची समजूत! १९७८ साली नवरा जॅक मागे लागला: न्यूयॉर्कची मॅरेथॉन पळ, त्यानिमित्तानं अमेरिका बघून होईल. आदल्या रात्री दोघं कोळंबी, स्टेक, वाइन, आइस्क्रीम असं साग्रसंगीत जेवली. (शर्यतीआधी घास मोजून खाणाऱ्यांनी हे वाक्य गाळावं.)

आयोजक फ्रेड लेबोला ती हवी होती, ती इतरजणींना सुरुवातीला वेग लावून देण्यापुरती. अंगावर ११७३ हा आयत्या वेळचा क्रमांक. मॅरेथॉन बेचाळीस किलोमीटरची, आणि वीसेक किलोमीटरच्या पुढे ती कधी पळालेलीच नव्हती. त्यात रस्त्यावरच्या पाट्या मैलांच्या आणि हिच्या डोक्यात किलोमीटर, म्हणजे किती उरलंय याचा पत्ता नाही. मांड्या आखडलेल्या. शर्यत संपणार सेंट्रल पार्क या बागेत, त्यामुळे झाडं दिसली की वाटायचं, आलं सेंट्रल पार्क. ते काही येईना. मनातल्या मनात जॅकचा उद्धार चालूच. अखेर २ तास ३२ मिनिटं ३० सेकंदांत बाई पहिल्या आल्या, तेही विश्वविक्रमासह, आणि बूट काढून नवऱ्याच्या अंगावर फेकले. असला मूर्खपणा पुन्हा करणार नाही, म्हणाली.

पुढच्या वर्षी हजर! या वेळी २:२७:३३. १९८८ पर्यंत न्यूयॉर्क तिनं नऊ वेळा जिंकलं. मधे १९८३ ला हेलसिंकीत विश्वविजेतेपद, १९८४ ला बायकांच्या पहिल्यावहिल्या ऑलिंपिक मॅरेथॉनमध्ये जोन बेनॉइटच्या मागे रौप्य. ते सुवर्ण हुकलं म्हणून हळहळणारे पुष्कळ आहेत. मला त्याचं एवढं वाटत नाही. तिची एकच शर्यत बघायला मिळणार असती, तर मी १९९२ ची मागितली असती.

लेबोला मेंदूचा कर्करोग झाला होता. साठीत त्यानं स्वतःचीच मॅरेथॉन पळायला घेतली आणि निवृत्त ग्रेटे शेवटपर्यंत त्याच्या बाजूनं, त्याच्या चालीनं पळत राहिली. साडेपाच तासांवर वेळ लागला. तेवढ्यात एरवी तिच्या दोन मॅरेथॉन उरकल्या असत्या, आणि मधे चहाही.