जुन्या लॅपटॉपमध्ये एसएसडी

आज लॅपटॉपमधील हार्ड डिस्क काढून तिच्या जागी अडीच इंची साटा (जोडणीचा एक प्रकार) एसएसडी, म्हणजे चिपवर माहिती साठवणारी डिस्क, बसवली आणि यंत्र इतके चपळ झाले की मन खरोखर आनंदून गेले. हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ५४०० फेरे घेते. म्हणजे एका फेऱ्यालाच सुमारे ११ मिलिसेकंद लागतात, आणि विंडोज सुरू होताना हजारो छोट्या फाइली वाचायच्या असल्याने दर वेळी वाचक-शीर्ष (तबकडीवरची माहिती वाचणारा भाग) योग्य जागी पोहोचेपर्यंत प्रोसेसर नुसता ताटकळत राहतो. एसएसडीत फिरणारा भागच नसल्याने हा खोळंबा मिलिसेकंदाच्याही लहानशा अंशावर येतो. माझ्या मते सेकंदाला ५५० एमबी या जाहिरातीतल्या वेगापेक्षा हाच फरक रोजच्या कामात अधिक जाणवतो.

आधी यूएसबी केबलने एसएसडी जोडून संपूर्ण डिस्कची हुबेहूब प्रत करून घेतली, त्यामुळे विंडोज नव्याने टाकावे लागले नाही. बॅटरीची जोडणी सोडवून मगच स्क्रूंना हात लावला. ही काळजी प्रत्येकाने घ्यावीच. जुनी डिस्क आता बाहेरच्या डबीत बसवून बॅकअपसाठी वापरणार आहे.